कोकणातली समुद्री कासवं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की "यंदा कासवं आली का?" या मेसेजने सुरुवात होते आणि मे संपेपर्यंत प्रश्न थांबत नाहीत. बहुतेक प्रश्न तेच ते असतात. उत्तरं मात्र अधूनमधून बदलावी लागतात, कारण २०२२ पासून इथल्या कासवांच्या मागे उपग्रह लागलाय आणि आम्ही किनाऱ्यावर उभं राहून छातीठोकपणे सांगत होतो त्यातलं काही आता तसंच्या तसं सांगता येत नाही. म्हणून ही यादी पुन्हा नव्याने लिहिली आहे. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. कोकणात अंडी घालायला येतं ते कासव नेमकं कोणतं?

ऑलिव्ह रिडले. पाठीचा रंग कच्च्या ऑलिव्हसारखा, करडा-हिरवा. पाठ दोन-सव्वादोन फूट लांब, वजन साधारण ३५ ते ४५ किलो. समुद्री कासवांमध्ये हे आकाराने लहानच. भारताच्या समुद्रात एकूण पाच जातींची कासवं आढळतात: ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड. त्यातली एखाददुसरी जात आपल्याकडे जाळ्यात किंवा किनाऱ्याला लागलेली सापडते, पण रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या पुळणीवर नेमाने अंडी घालते ती ऑलिव्ह रिडलेच. विहिरीतलं किंवा तळ्यातलं कासव वेगळं. समुद्री कासवाला पाय नसतात, वल्ही असतात, आणि ते मान कवचात ओढून घेऊ शकत नाही.

२. पिल्लं बघायला कधी यावं?

माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात येतात. अंडी फुटायला ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणजे पिल्लांचा खरा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. पाऊस लांबला की सगळंच पुढे सरकतं. पिल्लं सकाळी सातच्या आसपास आणि संध्याकाळी सहाच्या आसपास सोडतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला यायचं तर एक मुक्काम धरूनच या. संध्याकाळी घरट्यावर ठेवलेल्या टोपलीखाली पिल्लं नसतील तर सकाळची संधी हातात राहते. आणि दोन्ही वेळा काही नसेल तर हे नाना फडणवीसांचं मूळ गाव आहे, जवळ बाणकोटचा किल्ला आहे, आणि घरगुती जेवणात उकडीचे मोदक आहेत. "पिल्लं दिसली नाहीत, पैसे परत द्या" असं कासवमित्रांना, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांना, सांगणारे लोक दर वर्षी भेटतात. त्यांच्यासाठी वेगळं उत्तर आमच्याकडे नाही.

३. मादी वाळूत येऊन करते काय?

रात्री, बहुतेकदा भरतीच्या वेळी, मादी भरतीरेषेच्या वर येते. मागच्या वल्ह्यांनी दीड फुटाच्या आसपास खोल खड्डा करते, तोंडाशी अरुंद आणि खाली फुगलेला, आपल्या मातीच्या सुरईसारखा. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. अंडं टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, पण कवच कडक नाही, चामट. बोटाने दाबलं तर खळगा पडतो. मग वाळू लोटते आणि अंग डावीकडे-उजवीकडे आपटून ती दाबून घट्ट बसवते. शांत रात्री ही धपधप वीस-पंचवीस पावलांवरून ऐकू येते. पाऊण-एक तासात कारभार आटोपून ती समुद्रात परत जाते आणि घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येतं ते प्रसववेदनांचं नव्हे. शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी डोळ्यांपाशी असतात, त्यांचं ते पाणी.

४. घरटं सापडतं कसं? वरून तर काहीच दिसत नाही.

पहाटेच्या ठशांवरून. समुद्रातून वर आलेली आणि परत गेलेली, अशा दोन पट्ट्या वाळूत उमटतात. ऑलिव्ह रिडले वल्ही आळीपाळीने टाकते, त्यामुळे डाव्या-उजव्या खुणा समोरासमोर नसतात, पुढे-मागे पडतात. दोन्ही पट्ट्या जिथे मिळतात तिथे वाळू उकरल्यासारखी असते. कासवमित्र तिथे काठी हलकेच टेकवत जातात. काठी एकाएकी सैल खाली गेली की घरटं तिथे. हेच तंत्र पूर्वी अंडी चोरणारे वापरायचे. आजच्या कासवमित्रांपैकी काही जण तेव्हाचे अंडी काढणारेच, आणि ठसे वाचण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. उन्हं वर आली, वारा सुटला की ठसे पुसले जातात, म्हणून हे काम साडेपाच-सहाला सुरू करावं लागतं.

५. अंडी उचलून हॅचरीत का नेता? ही निसर्गात ढवळाढवळ नाही का?

आहे. हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण तो चांगला आहे.

वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं, तेव्हा घरटं मागे राहायचंच नाही. माणसं अंडी काढून न्यायची, उरलेलं कुत्रे आणि कोल्हे उकरायचे. तेव्हा अंडी उचलून जाळीच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, पुरणं हा एकच मार्ग होता. पहिल्या हंगामात पन्नासेक घरटी वाचली ती त्यामुळेच. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, गावाला घरगुती मुक्कामातून चार पैसे मिळू लागले आणि अंडी चोरणं जवळपास थांबलं.

पण हॅचरीचे तोटेही आहेत. एकाच जागी वर्षानुवर्षं अंडी पुरली की वाळूत बुरशी आणि जंतू वाढतात. घरटी दाटीवाटीने असली तर एकमेकांना तापवतात. तापमान बदललं की पिल्लांचं लिंग बदलतं (प्रश्न ७). म्हणून जगभर आता कल असा की जमेल तिथे घरटं जागेवरच ठेवावं, वर जाळी लावावी आणि राखण करावी. कोकणात सगळीकडे हे जमत नाही. आपल्या पुळणी अरुंद आहेत, उधाणाचं पाणी वरपर्यंत येतं आणि भटक्या कुत्र्यांचा त्रास तर वाढतोच आहे. भरतीरेषेखाली घातलेलं घरटं उचलणं भागच असतं. वर, सुरक्षित जागी असलेलं घरटंसुद्धा निव्वळ सवयीने किंवा पर्यटकांना एकाच ठिकाणी सगळं दाखवता यावं म्हणून उचललं जातं, ते मात्र मला पटत नाही. गावोगावच्या कासवमित्रांशी यावर माझे वाद होतात आणि ते दरवेळी मी जिंकतो असंही नाही.

६. अंडी नेताना फिरवू नका, उलटी करू नका, असं का बजावता?

कोंबडीच्या अंड्यात बलक मध्यभागी धरून ठेवणारे पीळदार धागे असतात. कासवाच्या अंड्यात ते नसतात. घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं फिरवलं तर तो सुटतो आणि मरतो. म्हणून अंडी शक्य तितक्या लवकर, उन्हं व्हायच्या आत, ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघाली तशीच टोपलीत ठेवायची. टोपलीत आधी त्याच घरट्यातली ओली वाळू पसरायची. मी पहिल्याच वर्षी उत्साहाच्या भरात एक अंडं बॅटरीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिलं होतं. शेजारच्या काकांनी त्या अंड्यावर पेन्सिलीने फुली मारून ठेवली. पंचावन्न दिवसांनी बाकीचं घरटं फुटलं, फुलीवालं तेवढं तसंच राहिलं. काका काही बोलले नाहीत.

७. वाळू गरम असली तर माद्या आणि थंड असली तर नर होतात, हे खरं आहे का? मग उन्हाळा वाढला की नर संपणार?

पहिलं वाक्य खरं आहे. समुद्री कासवांत लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही, अंडी उबण्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातल्या वाळूच्या तापमानावर ठरतं. २९-३० अंशांच्या आसपास नर-मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात. त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात, थंड वाळूत नर. तापमान ३५ च्या घरात टिकून राहिलं तर पिल्लं अंड्यातच मरू लागतात.

दुसऱ्या वाक्याबाबत जरा दमानं घ्यायला हवं. ओडिशातल्या ऋषिकुल्या किनाऱ्यावर दहा-अकरा वर्षं चाललेल्या अभ्यासात एकंदरीत माद्याच जास्त निघाल्या, पण सगळी वर्षं सारखी नव्हती. काही वर्षं नरांकडे झुकली. एका हंगामातसुद्धा डिसेंबरच्या थंडीत पुरलेलं घरटं आणि मार्चमधलं घरटं यांत मोठा फरक पडतो. शिवाय एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे माद्या थोड्या जास्त असणं म्हणजे लगेच संकट नव्हे. खरी काळजी आहे ती फार गरम वाळूत अंडीच न फुटण्याची.

यातली अडचणीची गोष्ट वेगळीच आहे. नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू नर की मादी, हे बाहेरून कळत नाही. मेलेल्या पिल्लांच्या जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. मोठे नर मोजायचे तर ते किनाऱ्यावर येतच नाहीत. समुद्रात उतरलेला नर पुन्हा जमिनीला लागतो तो बहुधा जखमी किंवा मेलेलाच. त्यामुळे अभ्यासक घरट्यात तापमान टिपणारी बटणाएवढी यंत्रं पुरतात आणि त्यावरून अंदाज बांधतात.

८. आमच्या गावच्या हॅचरीवर हिरवी शेडनेट टाकली आहे. चांगलं केलं ना?

मार्चअखेरीच्या उन्हात हो. डिसेंबर-जानेवारीत कायमची टाकून ठेवली असेल तर वाळू जास्तच थंड राहून उलटाच घोळ होतो: अंडी उशिरा फुटतात आणि नर जास्त निघतात. शेडनेट टाकायच्या आधी एक साधा तापमापक दीड फूट खोल पुरून आठवडाभर रोज सकाळ-दुपार आकडे लिहा. आकडा ३२-३३ च्या वर टिकू लागला तर नेट, नाहीतर नको.

९. साठ दिवस होऊन गेले, अंडी फुटली नाहीत. उकरून बघू का?

लगेच नको. थंडीच्या दिवसांतलं घरटं साठीच्या पुढेही जातं. वाळूचा वरचा भाग बशीसारखा खचलेला दिसला तर खाली पिल्लं अंडी फोडून हालचाल करत आहेत. एक-दोन दिवसांत ती वर येतील. पिल्लं एकेकटी निघत नाहीत. खाली सगळी जमतात, एकमेकांच्या धक्क्याने वर सरकतात आणि वरची वाळू गार झाली की, म्हणजे बहुतेक रात्री किंवा पहाटे, एकदम बाहेर पडतात. सत्तर दिवस उलटूनही काही हालचाल नसेल तर वन विभागाच्या माणसासमोर, हाताने घरटं उघडावं. फावडं वापरू नका.

१०. पिल्लं थेट पाण्यातच का सोडत नाही? उगाच वाळूवर चालवून छळता कशाला?

पाण्यापासून काही पावलं अलीकडे सोडून त्यांना आपली आपण जाऊ देतात, यामागे कारण आहे. पिल्लाचा जन्मकिनारा त्याच्यात नोंदला जातो असं मानतात (प्रश्न १४) आणि त्यात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा मोठा वाटा आहे. ती नोंद नेमकी कधी होते यावर अभ्यास चालू आहे, म्हणून वाळूवरची चाल मोडू नये एवढी खबरदारी घेतात. पण घरट्यातून आलेल्या पिल्लांना "लोक यायचेत" म्हणून दुपारपर्यंत टबात ठेवणं हा खरा छळ. पोटातल्या बलकाच्या जोरावर पिल्लू पहिला दिवसभर न थांबता पोहतं. टबात वळवळून ती ताकद संपली की समुद्रात ते माशांच्या तोंडी सहज पडतं.

११. हजारात एकच पिल्लू जगतं म्हणतात. कुणी मोजलं?

कुणीच शेवटपर्यंत नाही. तो ढोबळ अंदाज आहे. वीसेक ग्रॅमचं पिल्लू पाण्यात शिरलं की दहा-पंधरा वर्षं, म्हणजे वयात येईपर्यंत, त्याचा माग राहत नाही. अभ्यासक या काळाला "हरवलेली वर्षं" म्हणतात. वाचण्याचं प्रमाण फार कमी असतं, एवढं नक्की. म्हणूनच मादी शंभरावर अंडी घालते. या हिशेबाची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या, जाळ्यात बुडून मेलेली एक मोठी मादी म्हणजे हजारांत वाचलेलं ते एकच कासव. आमच्याकडे सोडलेल्या पिल्लांचा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितात. मेलेल्या माद्यांचा फळा कुठेही नाही.

१२. सॅटेलाइट टॅगिंग म्हणजे काय? त्यातून काय कळलं?

अंडी घालून परतणाऱ्या मादीच्या पाठीवर एक लहान प्रेषक चिकटवतात. खारं पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं, त्यामुळे मादी श्वास घ्यायला वर आली की तेवढ्या वेळात तो उपग्रहाला संदेश पाठवतो. त्यावरून तिची जागा कळते.

पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेचं असं टॅगिंग पहिल्यांदा झालं ते जानेवारी २०२२ मध्ये, राज्याचा कांदळवन कक्ष आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्या प्रकल्पात. वेळासची पहिली मादी, म्हणून तिचं नाव प्रथमा. आंजर्ल्याची सावनी. पुढच्याच महिन्यात गुहागरला आणखी तीन: वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा गुहागरला बागेश्री आणि गुहा.

त्याआधी आम्ही पर्यटकांना काय सांगायचो? "कासव येतं, अंडी घालतं आणि खोल समुद्रात निघून जातं." खोल समुद्र म्हणजे कुठे, असं पोरांनी विचारलं की आम्ही क्षितिजाकडे हात करायचो. २०२३ मध्ये बागेश्री गोवा, कर्नाटक, केरळ मागे टाकून खाली उतरली, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात शिरली. रोज सकाळी नकाशावर तिचा ठिपका कुठे सरकला हे बघायची गुहागरात अनेकांना सवय लागली होती, पानाच्या टपरीवरसुद्धा "बागेश्री कुठवर गेली?" अशी चौकशी व्हायची. कोकणची कासवं अरबी समुद्रातली आणि ओडिशाची बंगालच्या उपसागरातली, अशी जी सोयीची वाटणी आम्ही मनात केली होती, ती तिने मोडली.

१३. टॅगचा कासवाला त्रास होत नाही का? आणि सिग्नल बंद पडला म्हणजे कासव मेलं का?

प्रेषक कवचावर इपॉक्सीने चिकटवतात, आत खिळा-स्क्रू जात नाही, आणि त्याचं वजन मादीच्या मानाने नगण्य असतं. काही काळाने तो आपोआप गळून पडतो. सिग्नल बंद होण्याची कारणं अनेक: बॅटरी संपली, अँटेना तुटली, वर शेवाळ-कालवं चढली, टॅग निघाला, किंवा खरंच कासव जाळ्यात गेलं. नुसत्या बंद सिग्नलवरून कुठलं कारण ते ठरवता येत नाही. त्यामुळे "अमुक कासवाचा मृत्यू" अशी बातमी फिरू लागली तर आधी ती कशाच्या आधारावर आहे ते बघा.

१४. ओडिशात टॅग केलेलं कासव गुहागरला आलं, ही बातमी खरी आहे?

खरी आहे, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यांत महत्त्वाची नोंद हीच. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १८ मार्च २०२१ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्याला धातूची पट्टी लावली होती. क्रमांक ०३२३३. तीच मादी २७ जानेवारी २०२५ ला गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. १२० अंडी, त्यातून १०७ पिल्लं. श्रीलंकेला वळसा घालून आली असेल तर अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात जातं.

हा उपग्रहाचा टॅग नव्हता, हे इथे लक्षात घ्या. पट्टीवर फक्त आकडा असतो. चार वर्षांच्या अंतराने दोन ठिपके मिळाले. मधली रेघ आपण ओढतो. आणि दुसरा ठिपका मिळाला तो कुठल्या यंत्रामुळे नव्हे, तर किनाऱ्यावरच्या माणसांनी वल्ह्यावरची पट्टी बघून आकडा नीट उतरवून घेतला म्हणून. रात्रीच्या अंधारात, ओल्या हाताने.

यावरून मादी अंडी घालायला आपल्या जन्मकिनाऱ्यावर परतते ही गोष्ट खोटी ठरत नाही. हिरव्या कासवाच्या मानाने ऑलिव्ह रिडले त्या बाबतीत जरा सैल आहे, हे आधीपासून ठाऊक होतं. ती विशिष्ट पुळणीपेक्षा एकंदर टापू ओळखते. पण एकाच मादीने देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर जाणं, हे त्या सैलपणाच्याही पलीकडचं. काही माद्या मुद्दाम दोन जागा वापरत असतील का, एका किनाऱ्यावर वादळ झालं तर दुसरीकडची पिल्लं वाचावीत म्हणून, असा तर्क मांडला गेलाय. एका कासवावरून तो सिद्ध होत नाही. आता पूर्व-पश्चिम दोन्हीकडच्या कासवांचे जनुकीय नमुने शेजारी ठेवून बघण्याला मात्र नवं कारण मिळालं आहे.

१५. ओडिशात एका रात्रीत लाखो येतात, आपल्याकडे एकेकटी का?

गहिरमाथा आणि ऋषिकुल्यासारख्या नदीमुखांजवळच्या मोजक्या किनाऱ्यांवर माद्या समुद्रात जमतात आणि काही दिवसांत एकदम वर येतात. याला "अरिबाडा" म्हणतात, स्पॅनिश शब्द, अर्थ आगमन. लाखो अंडी एकदम पडली की खाणाऱ्यांची पोटं भरूनही बरीच उरतात, हा त्यातला फायदा. तोटा असा की मागून येणारी मादी आधीच्यांची घरटी उकरते. एकेकटीने येणाऱ्यांची घरटी विखुरलेली राहतात, त्यामुळे एका उधाणात सगळं जात नाही. जगात बहुतेक ठिकाणी ऑलिव्ह रिडले कोकणासारखीच एकेकटी येते. नवल ओडिशाचंच आहे. तिथेही भरवसा नाही: ऋषिकुल्याला २०२४ मध्ये अरिबाडा झालाच नाही आणि २०२५ च्या फेब्रुवारीत जवळपास सात लाख माद्या आल्या.

१६. कोकणात घरट्यांचा आकडा दर वर्षी वाढतोय. म्हणजे कासवं वाढली ना?

कदाचित, पण नुसत्या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. पूर्वी मोजक्या गावांत पहाटे कुणी फिरायचं. आता वेळास, केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर, गावखडी, माडबन, तिकडे सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग, अशी गावं जोडली गेली. बघणारे वाढले की सापडणारी घरटी वाढतातच. शिवाय एक मादी हंगामात एक ते तीनदा अंडी घालते आणि दर वर्षी येतेच असंही नाही. त्यात ऋषिकुल्यासारखी एका वर्षाची उडी किंवा घसरण (प्रश्न १५) धरली तर दोन-तीन हंगामांचे आकडे शेजारी ठेवून काहीच ठरत नाही. तेच किनारे, तेवढेच लोक, तितकेच किलोमीटर, आणि पंधरा-वीस वर्षं सलग, असं मोजलं तर बोलता येईल. पंधरा-वीस वर्षं यासाठी की आज सोडलेलं पिल्लू आई व्हायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात.

१७. जाळ्यात कासव अडकलं तर खलाशाने काय करायचं? जाळं कापलं तर नुकसान कोण देणार?

राज्य शासन देतं. डिसेंबर २०१८ पासूनची योजना आहे: कासव, देवमासा, बहिरी मासा म्हणजे व्हेल शार्क अशा संरक्षित प्राण्याला सोडवताना जाळं कापावं लागलं तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडवतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, तेव्हा चाकूआधी मोबाइल काढा. पैसे हातात यायला वेळ लागतो ही मच्छीमारांची तक्रार रास्त आहे.

कासव बाहेर काढलं आणि ते निपचित पडलं तर मेलं समजून लगेच पाण्यात टाकू नका. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. तासन् तास ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात ते बुडून बेशुद्ध होतं. मागचा भाग अर्धा-पाऊण फूट उंच करून पोटावर सावलीत ठेवा, अंग ओलं ठेवा. पाणी गळून काही तासांनी ते शुद्धीवर येऊ शकतं. २०२५ च्या जानेवारीत तमिळनाडूच्या, मुख्यतः चेन्नईच्या बाजूच्या किनाऱ्यावर हजारावर मेलेली कासवं लागली, तेव्हा बोट ट्रॉलरकडेच दाखवलं गेलं. ट्रॉलच्या जाळ्यात लोखंडी गज आणि सुटकेचं दार बसवणारं टेड नावाचं साधन आहे; गजावर आपटून कासव दाराने बाहेर पडतं, कोळंबी मागे जाते. आपल्याकडच्या ट्रॉलरवर ते दिसत नाही आणि याच कारणावरून अमेरिकेने भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. थोडी मासळी त्याच दाराने निसटते, हे मच्छीमारांचं म्हणणं खोटं नाही. पण बाजारच गेला तर ती थोडी मासळी कुठे विकायची, हेही त्यांच्यातलेच लोक विचारतात.

१८. पावसाळ्यात किनाऱ्यावर जिवंत कासव पडलेलं दिसलं. समुद्रात ढकलू का?

नाही! किनाऱ्याला लागलेली कितीतरी कासवं या चांगुलपणानेच मरतात. दिवसाउजेडी किनाऱ्याला लागलेलं कासव आजारी, जखमी किंवा दमलेलं असतं. कुणाचं वल्हं नायलॉनच्या तुटक्या जाळ्याने कापलेलं असतं, कुणाच्या फुप्फुसात बिघाड होऊन बुडीच मारता येत नाही. ढकललं तर ते दोन किलोमीटरवर पुन्हा लागतं, या खेपेस मेलेलं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, कुत्री हाकला आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. उपचारांसाठी डहाणूला कासवांचं केंद्र आहे. जून ते ऑगस्टमध्ये वारे आणि प्रवाह किनाऱ्याकडे लोटतात म्हणून अशी कासवं तेव्हा जास्त सापडतात.

अपवाद एकच: नोव्हेंबर ते मार्चमधली रात्र, आणि मादी स्वतःहून वर चालत येतेय. ती आजारी नाही. तिच्यासाठी पुढचा प्रश्न.

१९. रात्री फिरताना मादी अंडी घालताना दिसली तर?

जिथे आहात तिथेच बसा. बॅटरी, फ्लॅश, मोबाइलचा पडदा सगळं बंद. वर येत असताना उजेड दिसला तर ती अंडी न घालता परत फिरते. तिच्या समोर जाऊ नका. गेल्यावर ठशांवर पाय न देता जागेची खूण करा आणि गावच्या कासवमित्राला उठवा. त्याची झोपमोड होईल, पण तो रागावणार नाही.

२०. आमचं रिसॉर्ट किनाऱ्याला लागून आहे. दिव्यांबद्दल एवढी कटकट का?

पिल्लू क्षितिजावरच्या सर्वांत उजळ दिशेला धावतं. लाखो वर्षं ती दिशा समुद्राची होती. चांदण्यात पाणी चमकतं आणि माडांची बाजू काळी असते. तुमच्या हिरवळीवर हॅलोजन लागला की ती दिशा तुमची होते. सकाळी पोहण्याच्या टाकीच्या कडेला वाळलेली पिल्लं सापडल्याचं मी स्वतः पाहिलंय. रिसॉर्टचं नाव घेत नाही, मालकाने नंतर दिवे बदलले. समुद्राकडचे दिवे जानेवारी ते मे बंद ठेवा, नाहीतर खाली तोंड केलेले, झाकलेले, तांबड्या रंगाचे लावा. मर्यादवेल उपटून काढू नका, ती वाळू धरून ठेवते. धूप थांबवायला दगडी बंधारा घालायचा विचार असेल तर मादीला वर चढायला जागाच उरत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा किनारपट्टी नियमनाच्या सर्वांत कडक वर्गात येतात, तेव्हा बांधकामाआधी वास्तुविशारदाबरोबर तेही तपासा.

२१. मुंबईत आणि गोव्यात येतात का?

गोव्यात हो: मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग. मोरजीला गावकऱ्यांच्या मदतीने राखण सुरू झाली ती १९९७ च्या सुमारास, म्हणजे वेळासच्याही आधी. मुंबईत मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याला ऐंशीच्या आसपास पिल्लं दिसली आणि देशभर बातमी झाली. एखाद्या वर्षीच्या अशा नोंदीला किनारा पुन्हा "कासवांचा" झाला म्हणणं घाईचं आहे.

२२. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, अंडी खाल्ली की सांधे दुखत नाहीत.

त्याला आधार नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी काढणं, विकणं, खाणं या सगळ्याला तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. आजोबांना गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे न्या.

२३. मला हंगामभर काम करायचंय. पात्रता काय? पैसे मिळतात का?

गावातल्या कासवमित्रांना वन विभागाकडून हंगामापुरतं मानधन मिळतं. ते थोडं असतं. बाहेरून येणाऱ्यांना राहण्याजेवण्यापलीकडे काही धरून चालू नका. प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. पहाटे साडेपाचला चार-पाच किलोमीटर वाळूत चालता यावं, वहीत तारीख, वेळ, अंड्यांची संख्या आणि भरतीरेषेपासूनचं अंतर वाचता येईल अशा अक्षरात लिहिता यावं, आणि वल्ह्यावर पट्टी दिसली तर आकडा दोनदा वाचून लिहिण्याची सवय असावी (का ते प्रश्न १४ मध्ये आहे). पट्टी गंजलेली असते, ३ चा ८ सहज होतो. सोबत तांबडा उजेड देणारी बॅटरी, मेजरिंग टेप आणि पेन्सिल आणा. पेन नको, खाऱ्या दमटात शाई पसरते.